बिलं भागवून हातात किती उरतं? पहिल्या नोकरीसाठी शहरात आलेल्यांनी करायचा हिशोब

ऑफर लेटरवर वर्षाला ४,२०,००० असं लिहिलेलं असतं. बारानं भागलं की महिन्याचे ३५,००० होतात. मग घरी, मित्रांत, भाड्याची खोली बघताना सगळीकडे हाच आकडा बोलला जातो. पण लातूर, जळगाव किंवा चंद्रपूरहून पुण्यात आलेल्या मुलामुलींचा महिना या आकड्यावर चालत नाही. सगळी बिलं आणि देणी भागल्यावर आठवड्याला किती रुपये मोकळ्या मनानं खर्च करता येतील, यावर तो चालतो. हा हातखर्चाचा आकडा बहुतेकांना माहीतच नसतो, कारण तो कुठल्याही कागदावर छापलेला नसतो. तो स्वतः काढावा लागतो. एक वही आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर घेऊन बसलात तर तासाभरात निघतो.

खालचं उदाहरण पुण्यात तिघांत फ्लॅट घेऊन राहणाऱ्या, पहिल्याच नोकरीतल्या माणसाचं आहे. भाडं, किराणा वगैरे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. त्या जागी आपले आकडे घाला.

पहिली पायरी: ३५,००० मधले किती तुमच्या खात्यात येतात

ऑफर लेटरवरचा आकडा म्हणजे सीटीसी, कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च. त्यातला बराच भाग महिन्याच्या पगारात दिसत नाही. आपल्या उदाहरणात बेसिक पगार निम्मा, म्हणजे महिन्याला १७,५०० धरू.

सगळ्यात आधी व्हेरिएबल पे, म्हणजे पगाराचा न ठरलेला भाग, बाजूला काढा. वर्षाला २४,००० व्हेरिएबल असेल तर महिन्याचे २,००० गेले. ते वर्षाअखेरीस मिळतील, कमी मिळतील किंवा मिळणारही नाहीत. ते हिशोबात धरूच नका. आले की तेव्हा बघू.

मग पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी. कंपनीचा वाटा बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे २,१००. तो बहुतेक ठिकाणी सीटीसीतच धरलेला असतो. तेवढाच तुमचा वाटा, आणखी २,१००. काही कंपन्या १५,००० च्या मर्यादेवर हिशोब करतात, तिथे दोन्हीकडून १,८०० कापले जातात. ग्रॅच्युइटी (काही वर्षं नोकरी केल्यावर एकरकमी मिळणारी रक्कम) बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे साधारण ८४२ रुपये. तीही सीटीसीत दाखवतात, पण हातात महिन्याला येत नाही. शेवटी महाराष्ट्राचा व्यवसाय कर: महिन्याला २००. महिलांना २५,००० पर्यंतच्या मासिक पगारावर तो माफ आहे.

३५,००० मधून हे सगळं वजा केलं की उरतात २७,७५८. म्हणजे पहिल्याच पायरीवर सव्वासात हजार बाजूला गेले.

प्राप्तिकराची काळजी या पगाराला नको. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर शून्य होतो, आणि पगारदारांची ७५,००० ची प्रमाणित वजावट धरली तर ती मर्यादा पावणेतेरा लाखांवर जाते. तरीही पगारातून टीडीएस (आधीच कापला जाणारा प्राप्तिकर) गेलेला दिसला तर एचआरला लगेच विचारा. मासिक पगार २१,००० पर्यंत असेल तर पीएफखेरीज ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) ०.७५ टक्के कापले जातील. त्यांनी मात्र ईएसआयचं कार्ड काढून घ्यावंच. पैसे भरताय, तर उपचारांचा हक्कही वापरा.

पीएफ कापला जातो म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात, आणि नोकरी बदलली की ती रक्कम काढून मोबाइल घेणारेही. मला हे पटत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत ज्यांच्या नावावर काही साठतं, त्यांच्यातल्या बहुतेकांचं ते पीएफमुळेच साठलेलं असतं. यूएएन (पीएफ खात्याचा तुमचा कायमचा क्रमांक) चालू करून घ्या, पासबुक बघत राहा आणि नोकरी बदलली की पैसे नव्या खात्यात वळवा.

दुसरी पायरी: पहिला पगार कधी येणार ते विचारा

हे रुजू होण्याआधीच विचारायचं असतं. पुष्कळ कंपन्यांत महिन्याच्या अमुक तारखेनंतर रुजू झालेल्यांचा पगार त्या महिन्यात निघत नाही, तो पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबर मिळतो. म्हणजे २० तारखेला रुजू झालात तर चाळीस दिवस खिशातल्या पैशांवर काढावे लागू शकतात. याच दिवसांत खोलीचं डिपॉझिट, पहिलं भाडं, गादी, बादली, गॅसची शेगडी हे सगळं येतं. घरून निघतानाच हा आकडा आईवडिलांसमोर स्पष्ट मांडा. महिन्याभरानं फोन करून अडचण सांगण्यापेक्षा हे सोपं जातं.

तिसरी पायरी: दर महिन्याची बिलं

भाड्यापासून सुरुवात करा, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. समजा फ्लॅटचं भाडं २४,००० आहे, तिघांत ८,००० येतात. करार बघताना सोसायटीचा मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, हे लिहून घ्या. दोन फ्लॅटचं भाडं सारखं दिसतं आणि एकात मेंटेनन्सचे दोन-अडीच हजार वेगळे निघतात. पीजीत किंवा वाड्यातल्या खोलीत राहत असाल तर विजेला सबमीटर आहे का, आणि मालक युनिटला किती दर लावतो, हे पैसे देण्याआधीच विचारा.

भाडं कमी म्हणून ऑफिसपासून लांब राहायचं ठरवत असाल तर जाण्यायेण्याचा खर्च भाड्यातच मिळवून तुलना करा. हिंजवडीत नोकरी आणि कात्रजला खोली, म्हणजे भाड्यात वाचलेले पैसे पेट्रोलला जाणार आणि रोजचे दोन-तीन तास वर जाणार. थकून आलेला माणूस स्वयंपाक करत नाही, बाहेरून मागवतो. हा खर्च कुठल्याच तक्त्यात येत नाही, पण तो होतोच. मुंबईत गणित जरा वेगळं आहे. लोकलचा महिन्याचा पास अंतराच्या मानानं इतका स्वस्त पडतो की बदलापूर-वसईला राहून पैसे खरोखर वाचतात. वेळ मात्र तिथेही जातो.

वीजबिल तिघांत ६०० धरू. महावितरणचे दर टप्प्यांनी वाढतात. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त, ३०० च्या पुढे आणखी जास्त, आणि वर १६ टक्के वीज शुल्क. त्यामुळे तिघांच्या एकाच मीटरवर एसी आला की बिल वापराच्याही पुढे पळतं. एसी एकाच्याच खोलीत असेल तर त्याच्या वाट्याचं काय, हे मार्च उजाडायच्या आत आपसांत ठरवून टाका. मे महिन्यात बिल हातात घेऊन भांडण्यात मैत्री जाते. उन्हाळ्याआधीच्या बिलाबरोबर कधीकधी अतिरिक्त सुरक्षा ठेवीची मागणी येते. ती मालकानं भरायची की भाडेकरूनं, हेही करारावेळीच बोलून ठेवा.

पाइपचा गॅस असेल तर बिल दोन महिन्यांनी येतं, म्हणून निम्मं करून धरा. माणशी २५० पुरे. वायफाय २४०. स्वयंपाकाला मावशी असतील तर तिघांत मिळून ६,००० धरले, प्रत्येकी २,०००. किराणा, भाजी, दूध ३,५००. मावशी परवडत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी आधी महिन्याभराच्या ऑनलाइन जेवणाच्या ऑर्डरी मोजाव्यात. तिघं असाल तर मावशी किंवा मेसचा डबा जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतो, आणि पोटालाही बरा.

मोबाइलचं एक बघून ठेवा. २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. ३४९ चा प्लॅन असेल तर महिन्याचा खर्च ३७८ होतो, ३८० धरा. पेट्रोलला १,५००.

घरी पाठवायचे पैसे याच यादीत, वरच्या ओळीत लिहायचे. आपल्या उदाहरणात ४,०००. उरले तर पाठवू असं म्हटलं की एखाद्या महिन्यात पाठवले जात नाहीत, आणि तिकडे त्या पैशांवर किराणा उधारी किंवा धाकट्या भावंडाची फी अवलंबून असते. किती पाठवायचे हे पहिल्या पगारानंतरच्या आनंदात ठरवू नका. आधी हा सगळा हिशोब करा, मग दर महिन्याला न चुकता जमेल असा आकडा सांगा. आठ हजार सांगून तीन महिन्यांत बंद करण्यापेक्षा चार हजार वर्षभर गेले तर घरच्यांना त्यावर काही ठरवता येतं. आईवडिलांना स्लिप दाखवायला लाजू नका. ३५,००० मधले २७,७५८ हातात येतात हे त्यांना कळलं की त्यांच्या अपेक्षाही खऱ्या आकड्यावर येतात.

शैक्षणिक कर्जाचा हप्ता असेल तर तोही इथेच. शिक्षण संपल्यावर हप्ता सुरू व्हायला थोडी मुदत असते. या मुदतीतले महिने फसवे असतात, कारण पैसे भरपूर उरतात असं वाटतं. हप्ता सुरू झालाय असं समजून पहिल्या पगारापासूनच तेवढी रक्कम बाजूला काढा.

आता बेरीज. भाडं ८,०००, वीज ६००, गॅस २५०, वायफाय २४०, मावशी २,०००, किराणा ३,५००, घरी ४,०००, मोबाइल ३८०, पेट्रोल १,५००. एकूण २०,४७०. हातातल्या २७,७५८ मधून वजा केले की उरतात ७,२८८.

इथे बहुतेक जण थांबतात, आणि सात हजार हातखर्चाला आहेत असं समजून चालतात. गडबड इथेच होते.

चौथी पायरी: दर महिन्याला न येणारी बिलं

वर्षातून एकदा-दोनदाच येणारे खर्च आपण अचानक आले म्हणतो. दिवाळी अचानक येत नाही. गाडीच्या विम्याची तारीख पॉलिसीवर छापलेली असते. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपणार हे तो करतानाच ठरलेलं असतं. तरी दर वेळी पैसे उसने घ्यावे लागतात, कारण मधल्या महिन्यांत तेच पैसे हातखर्च म्हणून संपवलेले असतात.

कॅलेंडर घ्या आणि महिन्यामहिन्यानं लिहा. घरबदल किंवा करार नव्यानं करण्याचा खर्च, त्यात एजंटाची दलाली, सामान हलवायचा टेम्पो आणि करारनोंदणी. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे हाच भाडेकरार, नोंदवणं कायद्यानं बंधनकारक आहे. शहरी भागात नोंदणी फी १,००० आणि मुद्रांक शुल्क साधारणपणे करारकाळातल्या एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के. सरकारी खर्च मुख्यतः हाच. त्याच्या वर एजंट जे मागतो ते त्याच्या सेवेचे पैसे असतात, त्यावर बोलता येतं. हे सगळं धरून माणशी वर्षाला १०,००० ठेवू. गावी जाण्यायेण्याचे ६,०००. मुलींना एसटीत २०२३ पासून निम्मं भाडं आहे, त्यांनी त्याप्रमाणे कमी धरावं. दिवाळीचे कपडे आणि घरच्यांसाठीच्या वस्तू ६,०००. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ५,०००. दवाखाना, दात, चष्मा ४,०००. मित्रमैत्रिणींच्या लग्नांचे आहेर २,०००. पंचविशीच्या आसपास हा आकडा दर वर्षी वाढतो.

बेरीज ३३,०००. बारानं भागली की २,७५०. हे महिन्याचं बिलच समजा, फक्त ते तुम्ही स्वतःला पाठवायचं आहे. ७,२८८ मधून वजा केले की ४,५३८ राहिले.

डिपॉझिट यात धरलेलं नाही, कारण ते परत मिळायचं असतं. पण ते पूर्ण परत मिळेल असं गृहीत धरू नका. राहायला जाताच प्रत्येक खोलीचे, नळांचे, भिंतींवरच्या डागांचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सॅपवर पाठवून ठेवा. रंगकामाचे आणि साफसफाईचे पैसे कापणार का, किती, हे करारात लिहून घ्या. घर सोडताना नुसत्या तोंडी बोलण्याचा काही उपयोग होत नाही.

पाचवी पायरी: अडीनडीसाठी

नोकरी नवी आहे, ती जाऊही शकते. आजारपण येऊ शकतं. महिन्याला २,००० बाजूला काढा आणि त्याचं बँकेत आरडी (दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव) सुरू करा. एका महिन्याची बिलं, म्हणजे इथे २०,४७० जमेपर्यंत दुसऱ्या कुठल्याही गुंतवणुकीच्या मागे लागू नका, ऑफिसातला शेजारी कितीही सांगो. शेअर, एसआयपी, विमा योजना यांना वेळ आहे. हाताशी महिन्याभराचे पैसे असले की मात्र माणूस वाईट नोकरी सोडू शकतो, जाचक मालकाचं घर सोडू शकतो.

४,५३८ मधून २,००० गेले. राहिले २,५३८.

सहावी पायरी: आठवड्याचा आकडा

महिन्याचा हातखर्च महिन्यानं मोजू नये. पगारानंतरच्या पहिल्या आठ दिवसांत तो संपतो आणि पुढचे बावीस दिवस उसनवारीवर जातात. २,५३८ ला बारानं गुणा, ५२ नं भागा. आठवड्याला साधारण ५८५ रुपये. चहा, वडापाव, सिनेमा, बाहेरचं जेवण, रिक्षा, वाढदिवसाचा केक, सगळं यात.

आकडा बघून वाईट वाटेल. वाटू द्या, पण त्यावर विश्वास ठेवा. ३५,००० वाल्याला आठवड्याला ५८५ हेच या उदाहरणातलं सत्य आहे, आणि ते आधी कळलं तर तो चाळीस हजारांचा फोन हप्त्यावर घेणार नाही. महिन्याला ३,००० चा हप्ता कुठून येणार होता? हातखर्च २,५३८ आहे. म्हणजे तो दिवाळीतून, दवाखान्यातून किंवा घरी पाठवायच्या पैशांतून येणार होता.

आठवडा सोमवारी सुरू करा. शनिवारी सुरू केला तर दोन दिवसांत पैसे उडतात. सोमवारी सुरू केला की शनिवारी मित्रांबरोबर बाहेर पडताना हातात किती आहेत हे नेमकं माहीत असतं, आणि जमणार नाही असं सांगतानाही अवघडल्यासारखं होत नाही.

सरासऱ्यांशी तुलना करू नका. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्च पाहणीत शहरी भारतात माणशी मासिक खर्च सरासरी ६,९९६ रुपये आला. तो घरातल्या लहान मुलांसकट, स्वतःच्या घरात राहणाऱ्यांसकट काढलेला आहे. एकट्यानं भाड्यानं राहणाऱ्याला तो लागू पडत नाही.

सातवी पायरी: पैसे वेगळे ठेवा

एकाच खात्यात सगळे पैसे आणि त्यालाच यूपीआय जोडलेलं असलं की हा सगळा हिशोब आठ दिवसांत मोडतो. दोन खाती ठेवा. पगाराच्या खात्यातून भाडं, बिलं, घरचे पैसे, आरडी, आणि २,७५० ची वर्षाची शिल्लक. दुसऱ्या खात्यात दर सोमवारी फक्त आठवड्याचे पैसे टाका. फोनमधलं यूपीआय या दुसऱ्या खात्यालाच जोडा. दुसरं खातं झिरो बॅलन्सचं असावं, नाहीतर किमान शिल्लक नाही म्हणून दंड लागेल.

ऑटोपेची यादी उघडून बघा. यूपीआय अॅपमध्ये ती स्वतंत्र सापडते. १५,००० पर्यंतच्या ठरलेल्या कपातीला दर वेळी पिन लागत नाही, पण कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना आली पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ते मेसेज वाचा. ओटीटी, जिम, गेम यांची विसरलेली वर्गणी इथेच सापडते, आणि इथूनच बंदही करता येते.

खोलीतल्या तिघांचा हिशोब एका जागी लिहा आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला फेडून टाका. कोणा एकाच्याच खात्यातून सगळी बिलं जात असतील तर त्याचा हातखर्च दर महिन्याला अडकतो. बहुतेक वेळा हा तोच मुलगा असतो ज्याला पैसे मागायला संकोच वाटतो.

आकडा उणे आला तर

येतो. अनेकांचा येतो, आणि तो त्यांच्या उधळेपणामुळेच येतो असं मुळीच नाही. पगारच कमी असतो. अशा वेळी चहा बंद करून काही साधत नाही. मोठे आकडे हलवावे लागतात: तिघांचे चौघं होणं, खोली बदलणं, घरी पाठवायची रक्कम काही महिने कमी करून तसं घरी स्पष्ट सांगणं. बाकीच्या ओळी खरवडून फार तर चारपाचशे सुटतात.

खड्डा क्रेडिट कार्डानं बुजवू नका. किमान रक्कम भरली की काम भागलं असं वाटतं, पण राहिलेल्या रकमेवर बहुतेक कार्डं महिन्याला तीन ते पावणेचार टक्के व्याज लावतात, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अॅपपासून तर चार हात लांब राहा. त्यापेक्षा ऑफिसात पगाराची उचल मिळते का विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

हिशोब वर्षातून तीनदा नव्यानं मांडा: पगारवाढीचं पत्र आल्यावर, भाडेकरार बदलल्यावर, आणि घरची एखादी जबाबदारी वाढली किंवा कमी झाल्यावर. पगारवाढीच्या वेळी पहिली पायरी पुन्हा करा, कारण बेसिक वाढला की पीएफही वाढतो आणि हातात येणारी वाढ पत्रावरच्या आकड्यापेक्षा कमी असते. आणि फेब्रुवारीच्या पगारात १०० रुपये कमी दिसले तर एचआरला मेल करायची गरज नाही. त्या महिन्यात व्यवसाय कर ३०० कापतात.